मैंदर्गीच्या पुढे, गिरणीच्या दारात

गेलं वर्षभर दत्तमहाराजांशी माझं बोलणं बंद होतं. दर गुरुवारी दिवा लागायचा, फूल वाहिलं जायचं, आरतीही व्हायची. पण आपण रोज दूध तापवतो ना, तसंच ते सगळं हातून होऊन जायचं. डोळे मिटून दोन शब्द बोलावेत, गाऱ्हाणं घालावं, हक्कानं रागवावं, हे मात्र सुटलं होतं. मागितलं की तो ऐकतो, असं लहानपणापासून धरून चाललेली मी त्याच्याच समोर गाल फुगवून बसले होते. ज्या माणसाशी मी सगळा जन्म बोलले तो माणूस बोलायचा थांबला होता, आणि तो देवानंच थांबवला असं माझ्या मनानं घेतलं होतं.

आमचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. माग जुने, शेडही जुनी. आमचे हे पूर्वी दुसऱ्यांकडे जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. पुढे स्वतःचे चार माग घेतले तरी हातातला पाना सुटला नाही. मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस काय म्हणतो ते ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांवर चालतो. पण त्या गदारोळात कुठल्या मागाचं काय बिघडलंय ते हे दारातून आत येता येता नुसत्या कानानं ओळखायचे. आणि त्याच गदारोळातून यांची एक हाक मला कोपऱ्यातल्या शिलाईच्या टेबलापर्यंत बरोबर ऐकू यायची. "अगं!" बस, एवढीच. लग्न झाल्यापासून यांनी मला नावानं कधी बोलावलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. त्या "अगं"चे मला शंभर अर्थ लागायचे. चहा हवा असेल तर एक, चिडले असतील तर दुसरा, आणि काही काम नसताना उगाच मारलेली हाक असेल तर तोही कळायचा.

मग यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. खुणा करायचा हातच लुळा पडला. डाव्या हातानं जे काही करायचे ते मला उमगायचं नाही, आणि उमगलं नाही की हे भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टर भले माणूस, त्यांनी खोटी आशा लावली नाही. म्हणाले, "बोलणं येईल न येईल. तुमचं बोलणं त्यांना किती समजतंय, तेही आज सांगता येणार नाही." हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. बोलता न येणारा माणूस सांभाळता येतो. पण समोर बसलेल्या देहात आपलं माणूस आहे की नाही हेच कळत नसेल, तर भरवलेला घास कुणाला भरवला म्हणायचं? मी बोलत राहायचे. कारखान्यात आज सूत कुठलं आलं, पुण्याहून लेकीचा फोन आला, जावई जाड झालाय, असं सगळं सांगायचे. हे ऐकायचे की नुसते बघायचे, देव जाणे. आणि त्या देवाशी तर मी बोलत नव्हते.

त्या "अगं"साठी मी किती झुरले ते कुणाला सांगून पटायचं नाही. भांडी घासताना पाणी बंद करून कान द्यायचे. शेजारच्या घरात कुणी कुणाला हाक मारली तरी "आले" म्हणून उठायचे आणि मधल्या खोलीत येऊन उभी राहायचे. हे आपले खुर्चीत, मान एका बाजूला. मग माझीच मी "काय गं बाई तू" म्हणून परत वळायचे.

घरात एक जुनी डिझेल जीप आहे, सुताचे गठ्ठे आणायला घेतलेली. ती चालवायला मी या आजारपणातच शिकले. या वयात बाई जीप चालवते म्हटल्यावर एमआयडीसीतले सायकलवाले थांबून बघायचे. बघू देत, मी म्हटलं, बघून काय झिजते का मी! यांना डॉक्टरांकडे, व्यायामाला नेणं त्यामुळं सोपं झालं. फक्त एक होतं, जीप सुरू केली की हे अस्वस्थ व्हायचे. डाव्या हातानं सीटवर थापा मारायचे, तोंडातून घशातला आवाज काढायचे. मी समजले, माझ्या ड्रायव्हिंगला घाबरतात. थोडा रागही यायचा. आयुष्यभर मागे बसून तुमच्या स्कूटरवर जीव मुठीत धरला तो मी, आता तुम्ही जरा धरा, असं म्हणून मी गिअर टाकायचे.

त्या जीपचा एक पट्टा सकाळी सकाळी किंचाळायला लागला. इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो तो. डायनामो त्याच्यावर फिरतो, आणि आमच्या जुन्या गाडीत पाण्याचा पंपही त्यावरच. आता पट्टा किंचाळला तर काय करायचं हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. जुन्या मागाचा चपटा पट्टा घसरायला लागला की त्यावर राळेची पूड टाकतात, पट्टा पुन्हा पकड घेतो. कारखान्यात राळेचा डबा कायम असतो. मी तो आणला, बॉनेट उघडलं आणि डायनामोच्या पट्ट्यावर चांगली मूठभर पूड टाकली. हे अंगणात खुर्चीवर होते. त्यांनी खुर्चीचा हात बडवायला सुरुवात केली. मी चहा आणून दिला. तो नको. पाणी नको. आत नेऊ का विचारलं, तर तोंड फिरवलं. पट्टा मात्र गप्प झाला, आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले. चार-सहा दिवसांनी कुरकुर पुन्हा सुरू झाली तेव्हा परत पूड टाकली, आणि यांनी परत खुर्ची बडवली.

गाणगापूरला जायचं माझ्या मनात कसं आलं ते नीट सांगता येणार नाही. लेक फोनवर म्हणाली, "आई, एकदा बाबांना घेऊन जाऊन ये, तुझंच मन शांत होईल." मी म्हटलं, माझं मन शांत करायला मी जाणार नाही, भांडायला जाईन. गाणगापुरात दुपारी माधुकरी मागतात. दत्तमहाराज रोज त्या वेळेला कुठल्या ना कुठल्या रूपात तिथं भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्तही त्या वेळेला पाच घरी जाऊन भिक्षा मागतात आणि तेच खातात. मी ठरवलं, सकाळपासून पोटात काही घ्यायचं नाही, दुपारच्या आत पोचायचं, माधुकरी मागायची, आणि त्या गर्दीत तो असेल तर त्याला सरळ विचारायचं. माझं एवढं एकच मागणं आहे. यांना एकदा, एकदाच, मला हाक मारू दे. पुढचं मी बघते.

गुरुवारी निघालो. अक्कलकोट गेलं, मैंदर्गी मागे टाकली, आणि पुढे थोड्याच अंतरावर पट्टा असा किंचाळला की रस्त्याकडेच्या शेळ्या उधळल्या. समोर काट्यांपाशी बॅटरीचा लाल दिवा लागला. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा वाजला. इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा चढायला लागला, आणि रबर जळल्याचा वास आला. हे सीट बडवत होते. एका लिंबाच्या झाडाखाली मी गाडी घेतली आणि बंद केली. आमच्या सोलापूरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माणूस पाठवतो, पण संध्याकाळ होईल. ऊन वर चढत होतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले. म्हटलं, एवढंही नको होतं का तुला? दारापर्यंत तरी येऊ द्यायचं होतंस.

झाडासमोर पिठाची गिरणी होती. तिथून एक बाई आली. लुगड्यावर पुरुषी सदरा, केसांवर, भुवयांवर पीठ. नाव मल्लव्वा, गिरणी तिचीच.

"काय झालं, अक्का? आवाज गिरणीत ऐकू आला की."

मी सांगितलं. तिनं आत बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. "मालकाला गाडीत उकडत कशाला बसीवलाय? बर्री अण्णा, भायेर बर्री, सावलीला कुंदर्री." या, बसा म्हणत, कानडी आणि मराठी एका दमात. आम्ही दोघींनी यांना धरून उतरवलं. खुर्ची आम्ही गाडीतच ठेवतो, ती मी बॉनेटच्या बाजूला सावलीत मांडली. इंजिन निवेपर्यंत मल्लव्वा गिरणीतून पाने आणि लोखंडी पहार घेऊन आली. गिरणीचा पट्टा बसवायला ती कुणाला बोलवत नाही, हे तिनं आल्या आल्या सांगितलं.

डायनामोचे दोन बोल्ट सैल करून तिनं तो आत ढकलला, पट्टा काढला आणि हातात धरून वास घेतला. "ह्येला काय गूळ लावलाय काय?"

"राळ," मी म्हटलं.

ती कंबरेवर हात ठेवून हसली. "आमी बी लावतो की गिरणीला. पन गाडीला कोन लावतंय, अक्का? हितं धूळ बसती, चिकट हुतंय, आन् मंग लईच घसरतंय." पट्टा खरंच काचेसारखा चकचकीत झाला होता, वर धुळीचा थर. चीर मात्र कुठं नव्हती. साबणाच्या पाण्यात तिनं तो खसखसून धुतला, गोणपाटानं पुसला आणि उन्हात दगडावर वाळत टाकला. मी चोरासारखी उभी. आणि तेवढ्यात लक्षात आलं, सूर्य डोक्यावर आलाय. गाणगापुरात आता लोक दारोदार निघाले असतील.

मल्लव्वा आत गेली आणि ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी, दही घेऊन आली. मी म्हटलं, "नको हो, माझा नेम आहे, माधुकरी मागूनच खायचं."

"मंग माग की," ती म्हणाली. "दुपारच्या येळला दारात आल्यालं मानूस आमी उपाशी लावत न्हाय."

ती थट्टा करत होती की मनापासून बोलत होती, कळलं नाही. पण मी पदर पसरला. तिनं त्यात भाकरी ठेवली. यांना मी दह्यात कालवून भरवली, उरलेली मी खाल्ली. पाच घरांची व्हायची ती एका घराची झाली, एवढंच मनात आलं. देवाशी काही बोलायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

पट्टा वाळला. मल्लव्वानं तो चढवला, पहारीनं डायनामो बाहेर रेटला, अंगातलं सगळं बळ लावून रेटला, आणि मला बोल्ट आवळायला लावला. पट्ट्यावर बोटानं टिचकी मारली तर तो टणकन वाजला. "बघा. आता कशाला घसरतंय त्यो!"

यांनी खुर्चीचा हात बडवायला सुरुवात केली. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, त्यांनी ती ढकलली. पुन्हा बडवलं. मग डाव्या हातानं खुर्ची रेटून उठायला बघू लागले. पडतील म्हणून मी धावले, मल्लव्वाही धावली. "मालकाला बगायचं आसंल," ती म्हणाली, जसं काही हे किती साधं आहे. वर्षभरात माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते तिनं सहज बोलून टाकलं. आम्ही यांना दोन्ही बाजूंनी धरून बॉनेटपाशी उभं केलं. हे वाकले. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी पट्ट्याच्या लांब बाजूवर, बरोबर मधोमध ठेवला आणि दाबला. पट्टा हलला नाही.

"सैल," हे म्हणाले.

आवाज घोगरा, अर्धा शब्द गालात अडकलेला. पण तो शब्दच होता. माझे हात यांच्या दंडावर होते; ते तसेच राहिले.

मल्लव्वाला काय ठाऊक, हा माणूस इतके दिवस बोललेला नाही म्हणून! ती आपली म्हणाली, "व्हय की, जरा जादाच झालं," आणि बोल्ट ढिला करून पहार पुन्हा लावली. या वेळी हलक्या हातानं. हे वाकलेले होते तसेच. अंगठा दाबला. "अजून." तिनं अजून थोडं सैल सोडलं. पुन्हा अंगठा. आता पट्टा बोटभर आत गेला आणि सोडल्यावर जागेवर आला. कारखान्यात नव्या पोरांना हे असंच दाखवायचे, ते मला तेव्हा आठवलं. ढिला ठेवला तर घसरतो, जास्त ओढला तर बेअरिंग खातो, अंगठ्याला विचारायचं, असं सांगायचे. "बास," हे म्हणाले आणि बोल्टकडे बोट केलं. मल्लव्वानं दोन्ही बोल्ट आवळले. मी गाडी सुरू केली. लाल दिवा विझला, किंचाळी नाही. थोडा वेळ चालवून बंद करायला यांनी डाव्या हातानं खूण केली, आणि ती खूण मला पहिल्यांदा कळली. पुन्हा अंगठ्यानं पाहिलं, मान हलवली, आणि दमून खुर्चीत बसले.

मी लिंबाच्या बुंध्याला टेकून रडायला लागले. मल्लव्वा घाबरली. "काय झालं, अक्का? दुखलं व्हय काय?"

"हे बोलले," मी म्हटलं.

"मंग? बोलनारच की. मानूस हाय न्हवं."

त्या एका वाक्यानं मला जिथं नेऊन उभं केलं, तिथं मला वर्षभरात कुणी नेलं नव्हतं. मी देवाला विचारत होते, हे आत आहेत का. आणि हे रोज खुर्ची बडवून मला सांगत होते की, बाई, पट्ट्याला राळ लावू नकोस. माझ्या ड्रायव्हिंगला भीत नव्हते. पट्ट्याचा आवाज ऐकत होते. सूत कुठलं आलं, जावई कसा जाड झाला, सगळं ऐकत होते. मी एका रिकाम्या घराच्या दाराशी रडत बसले होते, आणि घरात माणूस होतं.

गाणगापूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. माधुकरी कधीच संपली होती, गर्दीही ओसरली होती. पादुकांसमोर उभी राहिले. जे भांडण वर्षभर घोकून ठेवलं होतं त्यातला एक शब्द सापडेना. मागायचं ते आठवत होतं, अजूनही तितकंच हवं होतं. ओढ काही कमी झाली नव्हती. उलट, हे आत आहेत म्हटल्यावर ती हाक मला जास्तच हवीशी झाली होती. पण कशी द्यायची, कधी द्यायची, ते त्याला बजावून सांगायचा माझा हट्ट वाटेत कुठंतरी गळून पडला होता. मी हाक मागत होते आणि त्यानं मला "सैल" दिलं होतं. त्याहून मोठं मी तरी काय मागितलं असतं?

अभिषेकाला पुजारी म्हणाले, "यजमानांचं नाव?"

यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. कुठं सांगायची वेळ आली तर लेक सांगायची, नाहीतर मी कागद पुढं करायचे, आणि हे शेजारी बसून गालात हसायचे. आज लेक नव्हती. पुजारी थांबले होते. मी यांच्याकडे पाहिलं आणि पुऱ्या गाभाऱ्याला ऐकू जाईल असं यांचं नाव घेतलं.

हे चमकले. मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि अर्ध्या तोंडानं, पण पुरतं, हसले.

त्याला आता काही महिने झाले. यांचे शब्द वाढलेत, पण सगळे कारखान्याचे: तेल, दोरा, बास. "अगं" अजून आलेलं नाही. त्या शब्दाची वाट बघणं माझं सुटलेलं नाही, सुटावं असंही वाटत नाही. भांडी घासताना मी अजून पाणी बंद करते. पण मधल्या खोलीत आता रिकाम्या हातानं जात नाही. जाते, यांच्यासमोर उभी राहते आणि यांना नावानं हाक मारते. हे दर वेळी चमकतात, दर वेळी माझ्याकडे वळून बघतात. महाराज, तुमच्या मनात येईल तेव्हा उरलेलं द्या. तोवर हाक मी मारीन.